प्रकल्प नोंदी: रिकामा उंदीर आणि कमी डोसचा प्रश्न

१७ जानेवारी २०२५

सोलापूरच्या होम मैदानावर यात्रेचे स्टॉल अजून उभे आहेत, त्यामुळे सर्जन सर वळसा घालून आले. पहिल्या बैठकीला ते, पॅथॉलॉजीच्या मॅडम, मी आणि आमच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या दोन एम.एस्सी. विद्यार्थिनी होतो.

प्रश्न सरांचा आहे. सोलापुरात तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण त्यांच्याकडे सतत येत असतात. मावा, तंबाखू, बायकांमध्ये मिसरी. आजार पुढे गेल्यावर निव्होलुमॅबसारखी अँटिबॉडी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला गाठीशी लढू देणारं प्रथिन-औषध, देता येते, पण पूर्ण डोसचा खर्च विडी वळणाऱ्या किंवा मागावर काम करणाऱ्या घराला पेलत नाही. टाटा मेमोरियलच्या गटाने १५१ रुग्णांवर एक चाचणी केली होती. मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि अर्लोटिनिब या तीन स्वस्त औषधांना त्यांनी निव्होलुमॅबच्या फक्त २० मिलिग्रॅमची जोड दिली, दर तीन आठवड्यांनी. प्रचलित डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असतो. वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण, नुसत्या तीन औषधांवरच्या १६.३ टक्क्यांवरून, ही जोड मिळालेल्यांत ४३.४ टक्क्यांवर गेलं.

सर मला म्हणाले, "मॅडम, अर्ध्याहून जास्त लोक तरी गेलेच की. कुणाला लागू पडतं आणि कुणाला नाही, हे गाठ बघून आधी सांगता येईल का?"

इतका स्वच्छ प्रश्न हातात मिळणं हेच मला मोठं वाटतं. प्रकल्पाची सुरुवात इथून.

२४ जानेवारी

साधा प्रयोगशाळेतला उंदीर इथे चालत नाही. निव्होलुमॅब माणसाच्या पीडी-१ ला, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींवरच्या ब्रेकला, चिकटतं, उंदराच्या पीडी-१ ला नाही. साध्या उंदरात ते दिलं तर काहीच होणार नाही आणि त्या 'काहीच नाही'चा अर्थही काही नसेल.

म्हणून 'ह्युमनाइज्ड' उंदीर. पण या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात, त्या आज मुलींनी फळ्यावर मांडल्या. पहिल्यात उंदराचा एखादा जनुक काढून त्या जागी माणसाचा बसवतात, बाकी सगळी प्रतिकारशक्ती उंदराचीच राहते. दुसऱ्यात प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात माणसाच्या रक्तपेशी सोडतात. तिसऱ्यात माणसाची ऊती वाढवतात, उदाहरणार्थ यकृत.

यकृतवाल्यांची एक गोष्ट मुलींना मुद्दाम सांगितली. १९९३ मध्ये अमेरिकेत फियालुरिडिन हे हिपॅटायटिस बीचं औषध प्राण्यांवरच्या चाचण्या पार करून माणसांत गेलं. १५ रुग्णांपैकी ५ दगावले, दोघांचं यकृत बदलावं लागलं. पुढे २०१४ मध्ये माणसाच्या यकृतपेशी बसवलेल्या उंदरांना तेच औषध दिल्यावर विषबाधा दिसली. औषध तेच, प्राणीही उंदीरच. फक्त यकृताच्या पेशी माणसाच्या होत्या.

आपल्याला दुसरा प्रकार हवा. सरांच्या रुग्णाची गाठ आणि त्याच रुग्णाच्या टी-पेशी एका उंदरात.

२ फेब्रुवारी

रविवार असूनही दोघी आल्या. इतिहास एका बैठकीत उरकला, कारण तो माहीत असल्याशिवाय कॅटलॉगमधली नावं नुसतीच अक्षरं वाटतात.

१९६२ मध्ये ग्लासगोत केस नसलेले उंदीर दिसले. १९६६ मध्ये त्यांचं रीतसर वर्णन छापून आलं आणि १९६८ मध्ये कळलं की त्यांना थायमस ग्रंथीच नाही, म्हणजे टी-पेशी तयार होत नाहीत. १९६९ मध्ये डेन्मार्कमध्ये अशा उंदरात माणसाच्या आतड्याची गाठ वाढवली गेली. १९८३ मध्ये स्किड उंदीर मिळाला. त्याच्यात टी आणि (अँटिबॉडी बनवणाऱ्या) बी दोन्ही पेशी नाहीत, कारण डीएनएचे तुकडे जोडणाऱ्या प्रथिनाचा जनुक बिघडलेला. याच बिघाडामुळे स्किडला किरणोत्सर्गही कमी सोसतो. माणसाच्या पेशी घालून प्रतिकारशक्ती उभी करण्याचे पहिले दोन यशस्वी प्रयोग १९८८ चे.

तरीही माणसाच्या पेशी नीट टिकत नव्हत्या, कारण उंदराच्या एनके-पेशी, म्हणजे परकं दिसेल ते मारणाऱ्या पेशी, त्यांना मारायच्या. उपाय सापडला तो आयएल-२ या संदेश-प्रथिनाच्या रिसेप्टरच्या (पेशीवरच्या ग्राहकाच्या) गॅमा साखळीत. ही एक साखळी आयएल-२, ४, ७, ९, १५ आणि २१ या सहा संदेशांना सामाईक आहे. ती काढली की एनके-पेशीही तयार होत नाहीत. जपानमध्ये २००२ साली एनओजी आणि अमेरिकेत जॅक्सन लॅबोरेटरीत २००५ साली एनएसजी उंदीर आले ते असे.

दोन्हींच्या नावातला 'एन' म्हणजे एनओडी, मुळात मधुमेहाच्या संशोधनातली जात. तिचीच निवड का? माणसाच्या पेशीवर सीडी४७ नावाचं प्रथिन असतं. 'मी आपलीच आहे, खाऊ नकोस' असं ते मॅक्रोफेजला, म्हणजे पेशी गिळणाऱ्या पेशीला, सांगतं. बहुतेक जातींच्या उंदरांना हा निरोप नीट वाचता येत नाही, एनओडीला येतो. धाकटी विद्यार्थिनी यावर बराच वेळ थांबली. मधुमेहासाठी पाळलेल्या जातीत असलं काही दडलेलं असावं, याचं मलाही दर वेळी नवल वाटतं.

११ फेब्रुवारी

मुलींचा कल सीडी३४ मूळपेशींकडे होता. नाळेच्या रक्तातून त्या मिळतात, उंदराच्या अस्थिमज्जेत रुजतात आणि बी-पेशी, टी-पेशी सगळं हळूहळू उभं राहतं. कागदावर हे जास्त परिपूर्ण दिसतं.

पण आपला प्रश्न बघू. टी-पेशी पुरेशा दिसायला तीन-चार महिने लागतात. शिवाय त्या उंदराच्या थायमसमध्ये शिकून बाहेर पडतात. कोण आपलं आणि कोण परकं हे त्यांना उंदराच्या ओळखखुणांवर शिकवलेलं असतं. माणसाच्या गाठीवरचे एचएलए, म्हणजे माणसाच्या ओळखखुणा, त्यांना नीट वाचता येतील याची खात्री नाही. आणि नाळेचं रक्त सरांच्या रुग्णाचं नसणारच.

उरला पीबीएमसीचा मार्ग, म्हणजे रुग्णाच्या रक्तातल्या एककेंद्रकी पेशी वेगळ्या करून थेट द्यायच्या. यात टिकतात त्या मुख्यतः टी-पेशीच, पण त्या त्याच माणसाच्या, त्याच्याच शरीरात शिकलेल्या. अपुरा पण आपल्या प्रश्नाला जुळणारा मार्ग. मी तोच लिहून ठेवला.

२५ फेब्रुवारी

रक्ताचा हिशोब केला. एका उंदराला साधारण एक कोटी पेशी लागतात. एक मिलिलिटर रक्तातून दहा ते वीस लाख मिळतात. दहा उंदरांचा गट धरला तर ५० ते १०० मिलिलिटर रक्त, शिवाय गोठवून पुन्हा वितळवताना काही पेशी मरणार ते वेगळंच. गोठवणं टाळता येत नाही, कारण रुग्णाची गाठ उंदरात रुजायलाच काही महिने जातात.

सरांना फोन केला. ते थोडा वेळ गप्पच होते. मग म्हणाले, "मॅडम, माझ्या पेशंटला तोंड उघडता येत नाही. नळीने खातो. हिमोग्लोबिन आठ-नऊवर असतं. त्याचं शंभर मिली रक्त मी कसं काढू?"

काढायचं नाही. हे आजच ठरलं आणि मी ते प्रस्तावाच्या पहिल्या पानावर लिहिलं: शस्त्रक्रियेआधी जे रक्त एरवीही तपासणीसाठी घेतलं जातं, त्याच वेळी जास्तीत जास्त २० मिलिलिटर, आणि हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर तेही नाही. उंदरांची संख्या रक्तावरून ठरेल, उंदरांच्या संख्येवरून रक्त नाही. म्हणजे एका रुग्णामागे दोनच उंदीर, फार तर तीन.

८ मार्च

संमतीपत्र वाचून दाखवायला शहराच्या पूर्व भागात गेलो. मराठी मसुदा तयार होता, पण इथल्या विडी कामगार बायकांपैकी बऱ्याच जणी घरी तेलुगू बोलतात. पॅथॉलॉजीच्या मॅडमच्या ओळखीच्या एक अक्का मधे बसून सांगत होत्या.

एकीने विचारलं, "माझं रक्त उंदरात घालणार, मग माझा आजार त्याला होणार?" मी सांगितलं, गाठ त्याच्यात वाढेल, हो. "आणि त्याला दुखेल?" त्याचंही खरं उत्तर दिलं. गाठ वाढली तर त्रास होईल, म्हणून ती ठराविक मापापलीकडे जाऊ द्यायची नाही आणि त्याआधीच त्याला वेदना न होता संपवायचं, असा नियम आहे. तिने पुढचं विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं: "त्याच्यावर औषध चाललं तर मला तेच देणार का?"

नाही. गाठ उंदरात रुजून उत्तर मिळेपर्यंत सहा-आठ महिने जातील आणि या रुग्णांकडे बहुतेक वेळा तेवढा वेळ नसतो. मसुद्यात ही गोष्ट तिसऱ्या पानावर होती. ती पहिल्या वाक्यात आणली: 'या अभ्यासाचा तुम्हाला स्वतःला उपचारासाठी उपयोग होणार नाही.' तेलुगू आणि कन्नड मसुद्यांतही हेच वाक्य पहिलं. दोन्ही मसुदे पुन्हा मराठीत उलटवून वाचून घेतल्याशिवाय छापायचे नाहीत.

२१ मार्च

पीबीएमसी मार्गातला मोठा खड्डा म्हणजे जीव्हीएचडी. माणसाच्या टी-पेशी उंदराच्या ऊतीला परकं समजतात आणि हल्ला करतात. वजन उतरतं, पाठ कुबडी होते, केस विस्कटतात. साधारण चार ते सहा आठवड्यांत उंदीर जातो. त्यात पीडी-१ रोखणारं औषध म्हणजे टी-पेशींचा ब्रेक सोडणं. हल्ला आणखी लवकर. गाठ लहान झाली तर ती औषधाने झाली की उंदीरच खंगला म्हणून, हे कसं ठरवायचं?

ज्यांच्या पेशींवर उंदराचे एमएचसी (उंदराच्या ओळखखुणा) नाहीत अशा एनएसजीच्या जाती आहेत. माणसाच्या टी-पेशींना तिथे चिथावणी कमी मिळते, उंदीर जास्त दिवस तग धरतो. मोठ्या विद्यार्थिनीने अशा दोन जाती शोधून आणल्या आणि त्यातल्या एकीपाशी बोट ठेवलं. त्या जातीत पहिल्या वर्गाचे एमएचसी घालवण्यासाठी बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनचा जनुक काढला आहे. पण हेच प्रथिन एफसीआरएन या रिसेप्टरलाही लागतं आणि रक्तातली आयजीजी अँटिबॉडी आठवडेच्या आठवडे टिकते ती एफसीआरएनमुळे. म्हणजे या उंदरात आपलं औषध, तेही आयजीजीच, भराभर नाहीसं होणार. पेशींच्या प्रयोगाला ही जात उत्तम, अँटिबॉडीच्या प्रयोगाला निरुपयोगी.

दुसऱ्या जातीत एमएचसीचे के आणि डी जनुक थेट काढले आहेत, बीटा-२ जागेवर आहे. २०१९ मध्ये तिचं वर्णन आलं, आयजीजी तिच्यात नीट टिकते. आपल्याला ती हवी. मोठीने हे स्वतः वाचून, स्वतः ताडून आणलं. सोलापूरच्या कॉलेजात बसून इतकं बारीक वाचता येतं, हे मला इथे नोंदवून ठेवायचं आहे.

४ एप्रिल

सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला. प्राणीगृह बघितलं. प्रत्येक पिंजऱ्याला स्वतंत्र गाळलेली हवा, अन्न, पाणी, भुसा सगळं निर्जंतुक, आत जायचं तर पायापासून डोक्यापर्यंत झाकून. या उंदरांना न्युमोसिस्टिससारखा एरवी गप्प असणारा जंतूही मारतो. तिथले पशुवैद्य म्हणाले, "वर्षभराची वसाहत एका दुपारी जाऊ शकते."

परतीच्या गाडीत मुली विचारत होत्या, आपल्याकडे असं का नको? सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ वर जातो. उंदरांची खोली रात्रंदिवस २२ अंशांच्या आसपास हवी. त्यासाठी वातानुकूलन, त्याला जनरेटर, त्या जनरेटरला दुसरा जनरेटर, रात्रपाळीची माणसं, पशुवैद्य. हे सगळं वर्षानुवर्षे चालवता येणार असेल तरच सुरू करावं. आमचं बळ इथे आहे: रुग्ण, ऊती, पॅथॉलॉजी, पेशी वेगळ्या करणं, फ्लो सायटोमेट्रीच्या (एकेक पेशी तपासून मोजण्याच्या) आलेखांचं वाचन. उंदीर पुण्यातच राहतील. मुलींचा चेहरा थोडा उतरला, पण माझं मत पक्कं आहे.

१६ एप्रिल

आज जे वाचलं त्याने सगळा आराखडा हलला.

आधी डोसचं गणित. साठ किलोच्या माणसाला २० मिलिग्रॅम म्हणजे किलोमागे एक तृतीयांश मिलिग्रॅम. त्याच प्रमाणात २५ ग्रॅमच्या उंदराला साधारण ८ मायक्रोग्रॅम. उंदरांच्या प्रयोगांत पीडी-१ ची औषधं सर्रास २०० मायक्रोग्रॅमच्या आसपास देतात. म्हणजे कमी डोसचा प्रश्न विचारायचा तर कुणी सहसा जात नाही इतक्या खाली जावं लागेल.

आणि नेमकं तिथे अडचण आहे. एनएसजीत बी-पेशी नाहीत, म्हणून त्याची स्वतःची अँटिबॉडीही नाही. साध्या उंदराच्या रक्तात आयजीजी भरपूर असते आणि प्लीहेतल्या, मज्जेतल्या पेशींवरचे एफसी-गॅमा रिसेप्टर (अँटिबॉडीचं शेपूट पकडणारे) तिनेच व्यापलेले असतात. एनएसजीत ते सगळे मोकळे. स्टँडवरून रिकामी एसटी निघावी आणि पहिल्याच थांब्यावरच्या चार प्रवाशांना बसायला जागाच जागा असावी, तसं आपलं औषध तिथेच बसून राहतं. गाठीपर्यंत पोचत नाही. २०१८ मध्ये हे नीट मोजून दाखवलं गेलं: प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत अँटिबॉडी प्लीहा आणि हाडांमध्ये अडकते, आणि डोस जितका कमी तितकी ही गळती जास्त जाणवते. २०० मायक्रोग्रॅममध्ये ती झाकली जाते. ८ मायक्रोग्रॅममध्ये कदाचित सगळं औषधच तिच्यात जाईल.

हे डोळ्यांआड करून प्रयोग झाला असता तर निष्कर्ष काय निघाला असता? कमी डोस चालत नाही. ज्या रुग्णांसाठी हा प्रश्न सुरू झाला, त्यांच्याच विरोधात जाणारा निष्कर्ष, आणि तोही औषधामुळे नव्हे, उंदराच्या रिकामेपणामुळे.

या उंदराबद्दल मला जे सांगायचं आहे ते आज मला नीट शब्दांत सापडलं. आपण त्याला माणसाचं काय दिलं एवढंच सगळे विचारतात. त्याच्यातून काय काढून घेतलं आणि त्या रिकाम्या जागेत काय घडतं, हे तितकंच महत्त्वाचं आहे.

उपाय आहे. औषधाआधी उंदराला साधी मानवी आयजीजी देऊन त्या जागा भरायच्या. पण फार दिली तर ती एफसीआरएनसाठी औषधाशी स्पर्धा करेल आणि औषध उलट लवकर जाईल. मात्रा शोधावी लागेल. म्हणून मुख्य प्रयोगाआधी एक लहान चाचणी: गाठ नाही, मानवी पेशी नाहीत, फक्त आयजीजी दिलेले आणि न दिलेले उंदीर, ८ मायक्रोग्रॅम औषध आणि रक्तातली पातळी.

२ मे

उन्हाचा कहर. नमुने गाडीच्या डिकीत अजिबात ठेवायचे नाहीत. रक्त इथेच, त्याच दिवशी वेगळं करून पेशी गोठवायच्या. गाठीचा तुकडा थंड माध्यमात, बर्फाच्या डब्यात, माणसाच्या हातात, रेल्वेच्या एसी डब्यातून. कुरियर नाही.

१५ मे

संख्याशास्त्राच्या सरांशी बोलणं. त्यांचा मुद्दा एका ओळीचा: एकाच माणसाच्या पेशी घातलेले दहा उंदीर म्हणजे दहा निरीक्षणं नव्हेत, माणूस एकच. आमच्या २० मिलिलिटरच्या मर्यादेने आम्ही आधीच एका रुग्णामागे दोन-तीन उंदरांवर आलो होतो. रुग्ण वाढवायचे आणि प्रत्येकाचा एक उंदीर औषधाचा, एक बिनऔषधाचा अशी जोडी लावायची. रुग्णाची काळजी आणि गणित दोन्ही एकाच दिशेला गेले. याचा मला फार आनंद झाला.

प्रश्नाचा एक भाग उंदराबाहेरही काढला. कमी डोसने टी-पेशीवरचे पीडी-१ किती व्यापले जातात, हे बघायला रुग्णाच्या रक्ताचे काही थेंब आणि फ्लो सायटोमीटर पुरेसा आहे. औषधाच्या सुरुवातीच्या मानवी चाचण्यांतच दिसलं होतं की किलोमागे ०.१ पासून १० मिलिग्रॅमपर्यंत डोस शंभरपट वाढला तरी रिसेप्टर व्यापण्यात मोठा फरक पडत नाही. आपल्या रुग्णांत ते सोलापुरातच मोजू. उंदराला विचारायचं ते एवढंच: टी-पेशी गाठीत शिरतात का, आणि गाठ थांबते का.

२८ मे

प्राणी नैतिकता समितीपुढे प्राथमिक मांडणी. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांचे १९९८ चे नियम यांप्रमाणे परवानगीचा फॉर्म बी भरला आहे. समितीतल्या बाहेरच्या, शास्त्रज्ञ नसलेल्या सदस्याने विचारलं, "आता नियमांत प्राण्यांशिवायच्या पद्धतींना जागा दिली आहे. मग उंदीर हवाच कशाला?"

प्रश्न रास्त होता. नव्या औषधांच्या नियमांतल्या २०२३ च्या दुरुस्तीने ती वाट खुली झालीच आहे आणि जे प्रयोगशाळेतल्या ताटलीत होऊ शकतं ते आम्ही ताटलीतच ठेवलं आहे. पण रक्तातून निघून गाठीत शिरण्याचा प्रवास ताटलीत होत नाही. त्यांनी टीजीएन१४१२ या अँटिबॉडीचंही नाव काढलं. २००६ च्या मार्चमध्ये लंडनला सहा निरोगी तरुणांना प्राण्यांना सोसलेल्या डोसच्या पाचशेव्या भागाएवढी ती अँटिबॉडी दिली आणि सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. माकडाच्या ज्या टी-पेशींवर ते औषध चालायला हवं होतं, त्यांच्यावर त्या औषधाचं लक्ष्य, सीडी२८, नव्हतंच. मी म्हटलं, म्हणूनच प्राण्यात जो माणूस आहे तो नेमका किती आणि कुठला, हे आम्ही प्रत्येक पानावर लिहिलं आहे. त्यांनी दोन अटी घातल्या: वजन १५ टक्के उतरताच उंदीर प्रयोगातून काढायचा, आम्ही २० लिहिले होते, आणि आयजीजीच्या लहान चाचणीचा अहवाल आल्याशिवाय मुख्य भागाला परवानगी नाही. दोन्ही मान्य. दुसरी अट तर मी स्वतःहून मागितली असती.

१० जून

पहिल्या टप्प्याची परवानगी आली. पुण्याला उंदरांची मागणी नोंदवली. के-डी वगळलेली जात, बीटा-२ असलेली, हे मागणीपत्रात ठळक लिहिलं, कारण दोन्ही जातींची नावं सहज गोंधळतील अशी आहेत. आयजीजीच्या तीन मात्रा ठरल्या. रक्ताचे नमुने उंदराच्या शेपटीच्या टोकातून, अगदी थोडे.

तेलुगू संमतीपत्र दुरुस्त होऊन आलं, कन्नड अजून बाकी आहे. सरांनी पहिल्या दोन रुग्णांशी बोलून ठेवलंय. एकाचं हिमोग्लोबिन ९.२ आहे, त्याचं रक्त घ्यायचं नाही. फक्त शस्त्रक्रियेत निघालेला गाठीचा तुकडा. दुसऱ्याची शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात. बर्फाचा डबा आणि परतीचं तिकीट धाकटीकडे.